ग्रामपंचायतीने पाड्यासाठी अँब्युलन्स घ्यावी का? पावसाळ्यात दोन बाळंतपणं वाटेत झाली

डोंगरकुस | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मी जव्हार-मोखाडा पट्ट्यातला, आमच्या ग्रामपंचायतीत पेसा मोबिलायझर आहे (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना हक्क देणारा कायदा). गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं ओळखीची माणसं वाचतात. आमच्याकडे सात पाडे आहेत. चार रस्त्याला लागून, तीन ओहोळापलीकडे डोंगरात. त्या तीन पाड्यांवर जून ते सप्टेंबर मोटरसायकलसुद्धा चढत नाही.

जुलैमध्ये माझ्या वहिनीला (चुलतभावाची बायको) रात्री अकराला कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो. "पहिलटकरीण नाही, होईल घरीच," असं म्हणत दीडपर्यंत सगळे बसून राहिले. मग घाबरले. बांबूला गोधडी बांधून डोली केली आणि आम्ही आठ जण निघालो. मोबाईलला रेंज फक्त अर्ध्या वाटेवरच्या खडकावर मिळते. तिथं पोचलो तेव्हा तीन वाजले होते, तिथून १०८ ला फोन लावला. डांबरी रस्त्यावर पावणेचारला उतरलो. गाडी आली चार पन्नासला. घाट लागायच्या आधी गाडीतच बाळ झालं. दोघंही बरी आहेत. घरी परत आणायला मात्र खासगी जीपवाल्याने दोन हजार घेतले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या पाड्यावरची एक बाई अशीच निघाली. तिचं बाळ वाचलं नाही.

आता पुढच्या ग्रामसभेत विषय आहे. आमच्याकडे पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतले (जो ग्रामसभा ठरवून खर्च करते) साडेतीन लाखांच्या आसपास पडून आहेत. आरोग्यावर खर्च करता येतो. बहुतेकांचं म्हणणं, जुनी ओम्नी किंवा ईको घेऊ आणि ग्रामपंचायतीची अँब्युलन्स करू. मला ते पटतंही आणि भीतीही वाटते. कुणाच्या ग्रामपंचायतीने असं केलंय का? आणि दुसरा प्रश्न: माझी आजी सुईण आहे. दवाखान्यातले लोक म्हणतात सुईणींना बंद करा. तिला काय सांगू?

घाटातला_पायलट | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२५

मी १०८ वर चालवतो (आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात). भाऊ, गाडी घेऊ नका. घ्यायला एकदा पैसे मिळतात, चालवायला रोज लागतात. रात्रीचा ड्रायव्हर कोण? आजारी पडला तर बदली कोण? इन्शुरन्स, पासिंग, टायर, घाटात दर पावसाळ्याला क्लच. अशा दोन गाड्या मी ग्रामपंचायतीच्या आवारात कोंबड्या बसवून उभ्या असलेल्या पाहिल्यात.

१०८ राज्यात २०१४ ला ९३७ गाड्यांनी सुरू झाली. म्हणजे तुमच्यासाठी येणारी गाडी दुसरीकडे गेलेली असू शकते, हे मान्य. पण आम्हाला अर्ध्या वेळा उशीर होतो तो पत्त्यामुळे. "अमक्या पाड्याला या," म्हणतात. पाड्याला गाडी येत नाही हे तुम्हालाच माहीत असतं. डांबरी रस्त्यावरची एक जागा पक्की करा, शाळा, पाण्याची टाकी, काहीही. फोनवर तेच नाव सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिथं उभा ठेवा. १०२ चा नंबरही ठेवा, ती पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) गाडी असते, मुख्यतः गरोदर बाया आणि लहान बाळांसाठीच.

निवृत्त_सिस्टर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

पायलट भाऊंनी बरोबर लिहिलंय. मी याच भागात एएनएम (नर्स) म्हणून १९८९ ला लागले, एकतीस वर्षं केली, त्यातली बरीचशी उपकेंद्रात. दादा, तुझी पोस्ट मी तीनदा वाचली. वेळा लिहिल्यास ते फार चांगलं केलंस. कुणी लिहीत नाही.

आता तूच बेरीज कर. अकरा ते दीड घरात. दीड ते पावणेचार डोलीत. पावणेचार ते चार पन्नास रस्त्यावर वाट बघण्यात. यात गाडीवाल्याचा वेळ किती? फोन तीनला लागला, गाडी चार पन्नासला आली. तुमची स्वतःची अँब्युलन्स असती तरी तिला फोन तीनलाच लागला असता ना? रेंज खडकावरच आहे. फार तर अर्धा-पाऊण तास वाचला असता. पण कळा सुरू झाल्याबरोबर एक पोरगा खडकावर पळाला असता, तर तुम्ही खाली पोचायच्या आधी गाडी येऊन उभी असती. त्याला साडेतीन लाख लागत नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तो पोरगा पळायची वेळच का यावी? बाई त्या रात्री डोंगरावर होतीच का?

पावसाळ्यात बाळंत होणारी बाई म्हणजे कोण, ते बघ. बाळंतपणाची तारीख काढायची तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. जुलै-ऑगस्टमधून उलटं मोज. शेवटची पाळी येते दसरा-दिवाळीच्या आसपास. आणि दिवाळी झाली की तुमच्याकडे काय होतं? मुकादम येतो, बयाणा (आगाऊ उचल) दिलेला असतोच, ट्रक भरतो आणि बाया-माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. परत येतात पाऊस तोंडावर आल्यावर. म्हणजे जी बाई श्रावणात अडते, ती गरोदरपणाचे पहिले सात महिने भट्टीवर माती तुडवत असते. आशाताईला ती गरोदर आहे हे माहीतच नसतं. भट्टीजवळच्या दवाखान्याची ती माणूस नाही, गावच्या यादीत तिचं नाव नाही. रक्त तपासलेलं नाही, बीपी कुणी घेतलेलं नाही. ती गावी येते आठव्या महिन्यात, हातात कार्ड नसताना, आणि चार आठवड्यांत ओहोळ भरतो.

मला ही गोष्ट कळायला दहा वर्षं लागली. तोवर मीही रस्त्याच्या नावाने बोटं मोडत होते. मग एका मे महिन्यात मागच्या तीन पावसाळ्यांचं बाळंतपणाचं रजिस्टर घेऊन बसले. अडचणीत आलेल्या प्रत्येक बाईच्या नावापुढे "नोंदणी उशिरा" असा शेरा होता, माझ्याच अक्षरात. दरवेळी लिहिला आणि पान उलटलं.

म्हणून सांगते, आत्ता नोव्हेंबर आहे, ट्रक अजून निघाले नसतील. तुझं काम ग्रामसभेच्या आधीच सुरू होतं. आशाताईकडे निश्चय किट असतात, लघवीच्या दोन थेंबांत कळतं. जाणाऱ्या प्रत्येक घरात विचारायचं, पाळी कधी आली होती. तारीख विचारू नकोस, तारीख कुणाला सांगता येत नाही. (आणि तू विचारू नकोसच, आशाताईला किंवा तुझ्या आजीला विचारू दे.) मी सणांवरून काढायचे. "वाघबारशीच्या आधी की नंतर?" "नागली कापायला गेलीस तेव्हा बाजूला बसली होतीस का?" उन्हाळ्यात असेल तर बोहाड्यावरून (सोंगांच्या उत्सवावरून). बोहाड्याच्या रात्री आपण कुठं बसलो होतो हे आमच्या बायांना दहा वर्षांनंतरही आठवतं. चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात, पण काम भागतं.

जिची चुकलीय तिचं कार्ड भट्टीवर जायच्या आधी करायचं, आणि ते तिच्याकडेच द्यायचं, सासऱ्याच्या ट्रंकेत नाही. भट्टी कुठली, मुकादमाचा नंबर काय, आशाताईच्या वहीत लिहायचं. जिला दिवाळीतच पाळी आली तिचं आज काहीच कळणार नाही, तिला एक किट बरोबर द्यायचं आणि कसं वापरायचं ते दाखवायचं.

पैशाचं संध्याकाळी लिहिते, नातवाला शाळेत सोडायचंय.

आशाताई_सातपुडा | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सिस्टर, तुमचं वाचून बरं वाटलं. मी धडगावकडची. आमच्याकडे डोलीला पेपरवाले बांबूलन्स म्हणतात. हसू येतं आणि रागही येतो. माणसं भट्टीऐवजी ऊसतोडीला गुजरातकडे जातात, एवढाच फरक.

एक सांगू का, बाईला दवाखान्यात नेलं की आशा रात्रभर तिच्याबरोबर असते. तिला झोपायला जागा नसते. मी व्हरांड्यात बाकड्यावर झोपलेय, एकदा बाकडंही नव्हतं. सकाळी सहा किलोमीटर चालत घरी, आणि नवरा विचारतो, काय मिळालं? ग्रामसभेत पैशाचा विषय काढाल तेव्हा आशाच्या झोपण्याचाही काढा. आणि जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये बाईच्या खात्यात येतात, पण खातं आधारला जोडलेलं नसलं की अडकतात. मोबिलायझर असाल तर खाती तुम्हीच तपासा. आमचं कुणी ऐकत नाही.

निवृत्त_सिस्टर | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

आशाताई, बाकड्याचं खरं आहे. आम्हीही झोपलोय.

दादा, पैसे. आदिवासी भागातल्या पीएचसींत माहेरघर नावाची सोय असते. दिवस भरत आले की बाईने चार-पाच दिवस आधी येऊन राहायचं, एखादं माणूस आणि लहान मूल बरोबर चालतं. कागदावर फार सुरेख योजना. माझ्या एका पीएचसीत (नाव घेत नाही) माहेरघरात सलाईनची खोकी आणि एक मोडका पाळणा होता. मी भांडून ते रिकामं केलं, दोन खाटा टाकल्या, पडदे लावले. पहिल्या पावसाळ्यात पाच बायांना समजावून आणलं. तिसऱ्या दिवशी चार पळाल्या.

मी चिडले. मग पाचवीलाच विचारलं, तू का राहिलीस? म्हणाली, "माझी सासू मेली, घरी कुणी वाट बघत नाही."

पळालेल्यांच्या घरी गेले. एकीचं म्हणणं, तिथं चूल नाही. दवाखान्यातून डाळ-भात मिळायचा, पण तिला नागलीची भाकर हवी होती, गरम, स्वतःच्या हातची. सासूलाही दिवसभर काय करावं कळेना. ज्या बाईने आयुष्यात रिकामा दिवस पाहिला नाही तिला खाटेवर बसवलं तर ती आजारी पडेल नाही तर काय! दुसरीच्या चार शेळ्या होत्या. नवरा भाताच्या लावणीला दुसऱ्याच्या शेतात, शेळ्या कोण बघणार? शेळी गेली तर वर्ष गेलं. तिसरीला मोठ्या पोरीची काळजी, घरात पोरीला एकटं कसं सोडायचं. चौथीने काहीच सांगितलं नाही, नुसती हसली.

पुढच्या वर्षी मागच्या बाजूला चार पत्रे टाकून चूल मांडली. लाकडं शिपायाने आणली, नागलीचं पीठ बाया स्वतः आणायच्या. त्या वर्षी सात आल्या, दोन पळाल्या.

तेव्हा मला विचारशील तर, साडेतीन लाखांत पहिल्यांदा तुमच्या पीएचसीचं माहेरघर बघून ये. ते कसं आहे ते मला माहीत नाही, चांगलं असेल तर देवाची कृपा. चूल, गाद्या, मच्छरदाण्या, कडी लागणारा संडास, आणि आशाताई म्हणाली तशी सोबतच्या बाईला एक खाट. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती तुमच्याच पाड्यावरची एखादी बाई मजुरीवर तिथं ठेवा, सरपण-पाणी बघेल. प्रत्येक डोंगरपाड्यावर एक घडीचा स्ट्रेचर, दोन चांगल्या बॅटऱ्या, प्लास्टिकचा मोठा कागद. डोलीत बाई दुमडून बसते, कळा येताना ते हाल मला लिहिता येत नाहीत. ओहोळावरच्या साकवाचा (छोट्या पुलाचा) प्रस्ताव वेगळा टाका, तो या पैशात होणार नाही, पण ठराव आत्ताच करून ठेवा.

आणि परतीच्या जीपचे दोन हजार! २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून आणणं, पुढं पाठवणं आणि परत घरी सोडणं, तिन्ही फुकट आहे. औषधं, रक्त, सिझेरियन आणि दवाखान्यातलं जेवणही. सुट्टी मिळताना गाडी मागायची. नाही म्हणाले तर कोण नाही म्हणालं ते लिहून घ्यायचं. लिहून घेताना दिसलं की बऱ्याचदा गाडी सापडते.

बंधपत्रित_डॉक्टर | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

एमबीबीएस झाल्यावरची बंधपत्राची सेवा करतोय, दुसऱ्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यात. सिस्टरांशी नव्वद टक्के सहमत. पण एक धोका आहे. सगळ्यांना एकाच माहेरघरात आणणं बरोबर नाही.

पीएचसीत साधं बाळंतपण नीट होतं. मूल बाहेर आल्यावर मिनिटभरात रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढं पाठवणं, हे आमच्या सिस्टर माझ्यापेक्षा सफाईने करतात. पण सिझेरियनला सर्जन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं. तालुक्याच्या ठिकाणी तिघं एकाच रात्री हजर असतील याची खात्री मी देणार नाही. मागच्या महिन्यात एका बाईला मी पुढं पाठवलं, तिथून तिला आणखी पुढं पाठवलं, तिथून आणखी पुढं. तीन दवाखाने, तीन कागद. ती वाचली, पण ते पाठांतर करण्यासारखं उदाहरण नाही.

म्हणून ज्यांचं आधी सिझेरियन झालंय, जुळं आहे, मूल आडवं किंवा पायाळू आहे, बीपी वाढलंय, हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, सिकलसेल आहे, त्यांना पीएचसीच्या माहेरघरात बसवून ठेवू नका. जिथं ऑपरेशन होतं तिथंच शेवटचे आठ-दहा दिवस काढायची सोय करा. तुमच्या बाजूला ते बहुधा नाशिक असणार. तिथं सोबतच्या माणसाच्या राहण्या-जेवण्याला या निधीतून पैसे ठेवा. साकव आणि चुलीपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून तपासणी होते. जोखमीच्या बाया तिथंच वेगळ्या निघतात. राज्यात माता मृत्यूचं प्रमाण २००१-०३ ला लाख जिवंत जन्मांमागे १४९ होतं, २०१८-२० ला ३३ झालं. ते या असल्या कामातून झालंय, नुसत्या गाड्यांतून नाही.

निवृत्त_सिस्टर | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

डॉक्टर, मान्य. जोखमीच्या बाईबद्दल मी लिहायला हवं होतं. चुलीपेक्षा महत्त्वाचं हे मात्र मान्य नाही, कारण चूल नसेल तर ती तुमच्या नाशिकला जाणारच नाही. आधी तिला घराबाहेर झोपायची सवय लागू दे.

९ तारखेबद्दल: ती चांगली आहे, पण आमची माणसं तारखेला नाही, बाजाराला खाली येतात. ९ तारीख बाजाराच्या दिवशी आली की रांग, नाही आली की मी आणि माशा. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशीही तपासणी ठेवायला लावा. ३३ चा आकडा राज्याचा आहे. त्यात पुणंही येतं आणि डोंगरकुसचा पाडाही.

आता दादा, आजीचं. राहून गेलं होतं.

१९९३ किंवा ९४. पाऊस ओसरत आलेला. मला पाड्यावर बोलावलं, पोचले तेव्हा बाई मोकळी झालेली, वारही पडलेली, आणि खालची गोधडी भिजून जड झालेली. गॅसबत्तीच्या उजेडात रक्त काळं दिसतं, किती ते कळत नाही. मी गोधडी उचलली तेव्हा हाताला वजन लागलं, तेव्हा कळलं. तिथली सुईण, साठीच्या पुढची, बाईच्या बेंबीखाली हात ठेवून गोल गोल चोळत होती. मला म्हणाली, "पिशवी मऊ पडते. मी सोडला हात की मऊ पडते." मी पुस्तकात वाचलेलं तिला बोटांना कळत होतं. मी गर्भपिशवी आवळायचं मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं. डोली उचलली. ती म्हातारी डोलीच्या बाजूने चालत राहिली, एक हात बाईच्या पोटावर, दुसऱ्या हातात स्वतःचं लुगडं धरलेलं, ओहोळातून, चिखलातून, अडीच तास. दवाखान्यात पोचल्यावर तिची बोटं सरळ होईनात. मी गरम पाण्यात धरून बसले.

त्या बाईला आम्ही वाचवलं असं मी खूप वर्षं सांगत होते. आम्ही म्हणजे मी.

आणि हीही गोष्ट ऐक. त्याआधी एकदा एक बाई उशिरा आली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले. "इतके दिवस झोपा काढत होतीस का?" असंच. वय लहान, रात्रपाळी, राग. तिच्या पुढच्या खेपेला ती आलीच नाही. घरीच बाळंत झाली, मूल गेलं. मला हे त्याच सुईणीने सांगितलं, चार वर्षांनी, सहज, भाजी निवडताना. "तुमच्या तोंडाला भ्यायली ती." दवाखाना किती किलोमीटर लांब आहे हे सगळे मोजतात.

आजीला बंद करू नकोस. बाळंतपण घरी करायचं नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घे, आणि बाईबरोबर तिलाही गाडीत बसव. प्रसूतिगृहात एक सोबतीण चालते, तसा नियमच आहे, ती आजी असू दे. तिचा हात बाईच्या पाठीवर असला की अर्ध्या कळा सुसह्य होतात. आणि तरी कधी घरीच झालं, तर तिला एवढं सांगून ठेव: अर्ध्या तासात वार पडली नाही, आधी हात किंवा पाय दिसला, एका गोधडीवरून दुसरी भिजली, किंवा बाईला झटका आला, तर थांबायचं नाही, भगताची वाट बघायची नाही, पोरगा खडकावर. चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे बाळंतपणाआधी दिसलं तरी तेच. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी येऊन कुणी डॉक्टर म्हणवणारा देत असेल तर त्याला दारातून परत पाठवायचं. त्याने पिशवी फाटते, मी दोनदा पाहिलंय.

घाटातला_पायलट | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

सिस्टर, आजीला गाडीत घ्यायला आमची ना नाही. फक्त तंबाखूची पिचकारी खिडकीबाहेर.

डोंगरकुस | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५५

उशिरा लिहितोय, माफ करा. ग्रामसभा काल झाली. अँब्युलन्सवाले चिडले, एक जण उठून गेला. पण पायलट भाऊंचं "कोंबड्या" वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले आणि वातावरण जरा निवळलं. पीएचसीचं माहेरघर बघून आलो. खाटा आहेत, गाद्या फाटक्या, चूल नाही. डॉक्टर म्हणाल्या, शेड तुम्ही बांधून देत असाल तर माझी हरकत नाही. स्ट्रेचर तीन, नाशिकला जाणाऱ्यांसाठी चाळीस हजार बाजूला ठेवायचे ठरलं. उरलेल्याचं अजून भांडण चालू आहे.

ट्रक १६ तारखेला येणार आहेत. आशाताई आणि आजी तिन्ही पाड्यांवर फिरल्या. आजी आधी कुरकुरली, आता म्हणते, हे मला तीस वर्षांपूर्वी का नाही विचारलं. सहा जणींची पाळी चुकलेली निघाली, चौघींच्या किटवर दोन रेघा आल्या. चौघींची कार्डं केली, भट्टीची गावं वहीत लिहिली. एकीचं मागचं सिझेरियन आहे, ती आणि तिचा नवरा दोघंही म्हणतात, बयाणा घेतलाय, जावंच लागेल.

तिची शेवटची पाळी आजीने अशी काढली: दसऱ्याच्या आधी चार दिवस, म्हणजे २८ सप्टेंबर. बाळंतपणाची तारीख ५ जुलै येते. बरोबर आहे का?

निवृत्त_सिस्टर | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बरोबर आहे. ५ जुलै, आठवडा इकडेतिकडे.

बयाणा घेतलाय तर ती जाणार, तिला अडवू नका, नाहीतर ती पुढच्या वेळी सांगणारच नाही. भट्टीवर तिला विटा डोक्यावर वाहायला लावू नका, हे मुकादमाला तुम्ही आत्ता तोंडावर सांगा, चार माणसांदेखत. तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवायचं. मे महिना संपायच्या आत ती गावी परत आलीच पाहिजे. आल्याबरोबर तपासणी आणि २० जूनच्या सुमाराला सरळ नाशिक, माहेरघरात नाही. तेव्हा ओहोळ अजून ओलांडता येत असेल.

उरलेल्या दोघींची किटवर तपासणी आठवड्याने पुन्हा करा, किंवा किट बरोबर द्या.

आणि तिच्याकडे शेळ्या आहेत का? असतील तर जूनमध्ये त्या कुणाच्या दावणीला, ते आत्ताच ठरवून टाका.